संगणक सुरू होतानाचे संदेश आणि ८० तारांची केबल

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात वजनकाट्याला जोडलेला जुना संगणक अजूनही रोज सकाळी सुरू होतो, कारण त्या काट्याचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही. गेल्या पावसाळ्यात त्याची हार्ड डिस्क बदलली आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा मला फोन आला, की सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर ‘प्रायमरी आयडीई चॅनल नो एटी कंडक्टर केबल इन्स्टॉल्ड’ असे काहीतरी येते आहे, तर नवी डिस्क खराब निघाली का? डिस्क उत्तम होती. त्या ओळीचा डिस्कशी संबंधच नव्हता. ती डिस्क मदरबोर्डला, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट बोर्डला, जोडणाऱ्या ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीच्या केबलबद्दल होती : ८० (एटी) तारांची केबल बसवलेली नाही, एवढेच ती सांगत होती.

विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या काही सेकंदांत मदरबोर्डवरील बायोस हा प्रोग्रॅम प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड आणि डिस्क यांची तपासणी करतो आणि जे आढळेल ते पडद्यावर लिहितो. ओळी भराभर सरकत असल्यास कीबोर्डवरील ‘पॉज’ ही कळ दाबावी, म्हणजे पडदा थांबतो. दुसरी कोणतीही कळ दाबली की तपासणी पुढे सुरू होते. कंपनीचे चित्र आड येत असेल, तर ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ दाबून सेटअपमध्ये जावे आणि ते चित्र बंद करावे. एवढेही जमत नसेल, तर मोबाइलने चित्रफीत घ्यावी आणि नंतर सावकाश वाचावी. मी स्वतः बहुधा हेच करतो.

वाचताना आधी डिस्कची यादी पाहावी. आयडीईचे प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन चॅनल असतात आणि प्रत्येकाच्या केबलवर मास्टर (पहिला) आणि स्लेव्ह (दुसरा) असे दोन ड्राइव्ह बसतात. प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर आणि सेकंडरी स्लेव्ह अशा चार जागांसमोर त्या त्या ड्राइव्हचे मॉडेल लिहिलेले असते आणि रिकाम्या जागेसमोर ‘नन’ येते. मॉडेलच्या नावात भलतीच अक्षरे दिसली, तर केबल सैल बसलेली आहे किंवा एखादी पिन वाकलेली आहे असा संशय घ्यावा.

आता केबलकडे वळू. आयडीईची केबल म्हणजे एक चपटी पट्टी, ४० किंवा ८० तारांची. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या सुमारे दोन इंच रुंद असतात आणि दोन्हींच्या टोकांना ४० पिनांचेच कनेक्टर असतात, त्यामुळे पिना मोजून काहीच कळत नाही. मोजायच्या असतात त्या तारा. पट्टीवरून नख आडवे फिरवावे. जाड, सुटे उंचवटे लागले तर ती ४० तारांची, आणि केसासारख्या बारीक रेषांची खरखर जाणवली तर ती ८० तारांची. जादा ४० तारांतून माहिती जात नाही. त्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीला, जोडलेल्या असतात आणि शेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू देत नाहीत. सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंतच्या वेगाला साधी पट्टी पुरते. ६६, १०० किंवा १३३ साठी ८० तारा लागतात. साधी पट्टी लावल्याने माहिती नष्ट होत नाही, केवळ वेग ३३ वर अडतो. तोच संदेश सेकंडरी चॅनलबद्दल असेल आणि तेथे एकटा सीडी ड्राइव्ह असेल, तर बहुतेक वेळा त्याकडे निश्चिंतपणे दुर्लक्ष करावे.

८० तारांच्या केबलचे कनेक्टर सहसा रंगीत असतात : निळा मदरबोर्डला, टोकाचा काळा मास्टरला आणि मधला राखाडी स्लेव्हला. हे रंग शोभेचे नाहीत. निळ्या कनेक्टरमधील ३४ क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि तेवढ्यावरूनच मदरबोर्ड ८० तारांची केबल ओळखतो. अंबडच्या संगणकात केबल ८० तारांचीच होती. पण ती बसवणाऱ्याने काळे टोक मदरबोर्डला आणि निळे डिस्कला लावले होते, त्यामुळे ग्राउंड झालेली पिन मदरबोर्डला दिसतच नव्हती.

केबल बदलण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावावा. ओढताना कनेक्टर धरावा, पट्टी नव्हे. कडेची लाल रेघ पहिल्या पिनेच्या बाजूला यायला हवी. डिस्कवर ही बाजू बहुधा वीजजोडणीच्या शेजारी असते. केबलची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नसावी. नवी घ्यायची असल्यास एम. जी. रोडवरील दुकानात नुसती ‘आयडीई केबल’ न मागता ‘८० वायरची’ असे स्पष्ट सांगावे, आणि नखाची परीक्षा तेथेच करावी.

इतर संदेशांपैकी ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ हा मात्र खरोखर डिस्कविषयी असतो. तो दिसताच केबलशी खेळत न बसता आधी सर्व माहितीची प्रत काढावी. ‘सीमॉस चेकसम एरर’ (बायोसने जपून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये चूक) आणि सोबत चुकलेली तारीख दिसली, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल बदलावा. ‘डिस्क बूट फेल्युअर’ आल्यास प्रथम लावलेला पेन ड्राइव्ह किंवा फ्लॉपी काढावी आणि मग वर सांगितलेली यादी पाहावी : डिस्क यादीत असेल तर बूटचा क्रम, म्हणजे संगणक आधी कोणत्या ड्राइव्हवरून सुरू होतो ते, तपासावे; नसेल तर केबल, वीजजोडणी आणि मास्टर-स्लेव्ह ठरवणारा डिस्कवरील लहान जंपर.

साटा या आयडीईनंतर आलेल्या जोडणीच्या डिस्कना हा खटाटोप नाही. ७ पिनांच्या अरुंद केबलवर एकच डिस्क बसते, मास्टर-स्लेव्ह नसते, आणि केबल एक मीटरपर्यंत चालते. फक्त आयडीईची डिस्क साटाच्या पोर्टला कन्व्हर्टरशिवाय जोडता येत नाही.

काम झाल्यावर खात्री करण्यासाठी विंडोज एक्सपीत डिव्हाइस मॅनेजर उघडून प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये चालू ट्रान्सफर मोड पाहावा. अंबडला मी केबलची टोके फक्त उलटी करून लावली. काळ्या पडद्यावरची ती ओळ गेली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधी ‘अल्ट्रा डीएमए मोड २’, म्हणजे ३३ मेगाबाइटचा वेग, होता तिथे ‘मोड ५’, म्हणजे १०० मेगाबाइटचा वेग, दिसू लागला.