वीटकाम काढताय? या चुका टाळा

घर बांधायला काढलं की सगळ्यांचं लक्ष स्टील-सिमेंटच्या दराकडे. विटांचं मात्र ‘लागतील तेव्हा सांगू’. सांगली-साताऱ्याकडे पहिली चूक इथंच होते. आपल्याकडच्या भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर बंद पडतात, कारण थापलेली कच्ची वीट उन्हाशिवाय वाळत नाही. जूननंतर मिळतो तो शिलकीचा माल, तोही चढ्या दरानं. मिरजेजवळ आमचं घर बांधताना स्लॅब मे अखेरीस टाकून झाला आणि विटा सांगायच्या राहूनच गेल्या. जुलैत आलेल्या खेपेतल्या तळाच्या विटा हातानं मोडत होत्या. भिंतींना दिवाळी उजाडली, तोवर घरभाडं चालूच.

म्हणून विटा मार्च-एप्रिलातच उतरवून घ्या, उंचवट्यावर रचा, वर ताडपत्री टाका. कृष्णाकाठच्या सखल प्लॉटवर मात्र साठा नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. उसाचा हंगाम संपेपर्यंत ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीत अडकलेले असतात, तेव्हा गाडी आधी ठरवा.

दुसरी चूक, नगावरचा दर पाहून भुलणं. भट्टीवर टेप घेऊन जा. ९×४×३ इंच सांगितलेली वीट ८.५×३.७५×२.७५ भरली, तर प्रत्येक विटेमागे जवळजवळ पाचवा हिस्सा कमी मिळतो. भिंत तेवढीच, म्हणून विटा जास्त, सांधे जास्त, सिमेंट-वाळू जास्त आणि गवंड्याचे दिवसही जास्त. स्वस्त वीट अशी महागात पडते. शिवाय एक कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवा. ३ किलोची वीट ६०० ग्रॅमहून जास्त पाणी प्यायली तर ती खेप घेऊ नका.

काम अंगावर, म्हणजे ठरावीक रकमेच्या मक्त्यानं दिलं की घाई आलीच. एका दिवसात ५ फुटांच्या वर भिंत चढवू देऊ नका. खालचे ओले थर दबतात, ओळंबा (भिंतीचा उभा सरळपणा) सुटतो आणि पाडून पुन्हा बांधायचा खर्च तुमच्याच अंगावर येतो. बीमखालचा शेवटचा थर आठवडाभरानं भरा, नाहीतर प्लास्टरवर तिथंच आडवी भेग दिसते.

पाण्याचा हिशेबही आधीच धरा. विटा भिजवायला पाणी, पुढं निदान ७ दिवस भिंतीवर मारायला पाणी. माण, खटाव, जत, आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये ते टँकरनं आणावं लागतं. कोरडी वीट मसाल्यातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी ओढून घेते आणि दरजेतला (सांध्यातला) माल नखानं खरवडला तरी भुरभुर पडतो.