गावात चोरी झाली की प्रार्थनेला बसणाऱ्यांनी काय करावं

संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी सोडायचे दिवस आले की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या भागात केबलचोऱ्या सुरू होतात. विहिरीवरची दोन-तीनशे फूट केबल रात्रीतून जाते. नाल्यात नेऊन जाळतात, वरचं रबर गेलं की आतलं तांबं भंगारात किलोवर विकतात. सकाळी थ्री फेज आली म्हणून शेतकरी बटण दाबतो, मोटार हूं नाही की चूं नाही. त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना मंदिरात गर्दी जास्त असते आणि डोळे मिटून बसणारे कमी.

मी आधी अंगणवाडीत होते. आता गावात महिलांची सामुदायिक प्रार्थना घेते आणि तंटामुक्त समितीतही बसते. आजूबाजूच्या गावांतून प्रार्थना मंडळाच्या बाया, पोरं विचारतात, “मावशी, चोर सापडला, आता काय करावं?” हे त्यांच्यासाठी.

पहिल्या संध्याकाळी माईक बंद ठेवा. प्रार्थना रोजच्यासारखी करा, पण नंतरच्या सूचनांमध्ये चोरीचा विषय घेऊ नका. देवळातल्या माईकवरून “काही लोकांवर संशय आहे” एवढं जरी गेलं, तरी गाव त्यात आपापली नावं भरून घेतं. व्हॉट्सअॅपच्या गटावर तर अक्षरही टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते पोरांना सांगा. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात दिसले, जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेस्तोवर मारलं. मारणारे रोजचे शेतकरी-मजूर होते. त्यांच्यातलेही कितीतरी कुठल्या ना कुठल्या देवाला हात जोडत असतील.

आमच्याकडे संशय कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे, उगाच सभ्यपणा नको. फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर जातो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, गावाच्या डोक्यातला शिक्का अजून तिथेच आहे. बेड्यावर काठ्या घेऊन निघालेल्या पोरांना अडवायचं काम मंडळाचं. कीर्तनात आपण चोखोबांची कथा डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. देवाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला आणि पुरावा काय, तर जात. चोखोबांचं जन्मगाव आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. पोरांना ही कथा तेव्हाच सांगा, काठ्या हातात असताना. सप्ताहात सांगून काही उपयोग होत नाही.

संशय असेल तर तो एकट्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला. भगताकडे जाणं, संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला देणं, हे प्रकार तुमच्या गावात अजून चालत असतील तर ते मंडळाने आधी बंद पाडावेत. भेदरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, तांदूळ कोरडाच निघतो आणि तोच चोर ठरतो. आणि गरीब माणूस भेदरलेला असतोच.

दुसऱ्या सकाळी ज्याचं गेलं त्याच्या घरी जा. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण दयेचं काम करणाऱ्यांची पावलं चोराच्या घराकडे लवकर वळतात. नुकसान झालेला माणूस मागे राहतो, आणि पुढे तोच सगळ्यात कडू होतो. एका बागायतदाराने मला तोंडावर विचारलं होतं, “मावशी, तुमचा देव त्याले माफ करीन, पण माह्या झाडाले पाणी कोण देईन?” बरोबरच आहे. त्याला गीतेचा अध्याय नको, केबल पाहिजे. मंडळातल्या कोणाकडे जुनी केबल असेल तर आठ-पंधरा दिवसांसाठी मिळवून द्या, नाहीतर शेजारच्या विहिरीवरून पाणी सोडायची सोय करा. बहाराच्या वेळी पाण्याचा ताण लांबला तर फळ गळतं, मग केबलच्या पाचपट नुकसान होतं आणि रागही तेवढाच वाढतो.

त्याच बैठकीत सगळं लिहून काढा. केबल किती फूट, कोणत्या कंपनीची, दुकानाचं बिल आहे का, शेवटी मोटार कधी चालली, कापलेल्या टोकाचा फोटो. हा कागद घेऊन त्याच्यासोबत ठाण्यात जा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. “आमच्या हद्दीत येत नाही” म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घ्यायची फिर्याद, नोंदवायला सांगा. नोंदवायलाच तयार नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते.

इथे गावातला कोणीतरी शहाणा म्हणणारच, “ठाण्यात कायले जाता, गावातल्या गावात मिटवू.” तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून आहे, मिटवण्याच्या मी विरोधात नाही. साध्या चोरीत मालकाची तयारी असेल तर तडजोड कायद्यालाही चालते. गुन्हा नोंदला असेल तर ती कोर्टासमोर करायची. पण बाईवर हात टाकला, लेकराशी वाईट वागलं, जातीवरून मारलं, हुंड्यापायी सून जाळली, हे प्रार्थना मंदिराच्या पायरीवरसुद्धा आणायचं नाही. सरळ ठाणं. लेकराच्या बाबतीत तर पोक्सो कायद्याने माहीत असणाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. “पोरीच्या लग्नाचं पाहा, वाच्यता नको” असं सांगायला येणाऱ्या काकांना मी चहासुद्धा विचारत नाही.

आता चोर सापडला असं धरू. बहुतेक वेळा तो गावातलाच निघतो, कोणाचा तरी शाळूसोबती. डोक्यावर दारूची, मोबाईलच्या जुगाराची किंवा खासगी फायनान्सच्या हप्त्याची उधारी असते. पोलीस घेऊन गेले की त्याच्या घरी दोघींनी जायचं, पुरुषांनी नाही. जाताना पायली-दोन पायली धान्य न्या, पण ओच्यात झाकून. रस्त्याने मिरवत नेऊ नका. “त्यानं असं काहून केलं?” हे त्याच्या घरच्या बाईला विचारू नका. तिला ठाऊक असेल तर ती सांगत नाही, ठाऊक नसेल तर त्या प्रश्नाने पुन्हा मरते.

एकदा अशा घरी गेलो तर बाई चुलीपुढे बसून फोडणीची मिरची खुडत होती. खुडलेल्या मिरचीचेही पुन्हा तुकडे, त्याचेही तुकडे. आमच्याकडे पाहिलंच नाही. पोरगा भरदिवसा घरात, दप्तर खुंटीला. शाळेत पोरं ‘केबल, केबल’ म्हणून हाका मारत होती, म्हणून तो जात नव्हता. आम्ही तिथून उठून मास्तरांकडे गेलो. त्यांनी वर्गात भाषण दिलं नाही, त्या पोराला आठवडाभर हजेरी घ्यायच्या कामाला लावलं. हाका बंद झाल्या.

तिला कामाची माहिती द्या. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. कोठडीत असलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. हे तिला सांगणारं कोणी नसतं. दलाल मात्र दारात उभा असतो.

आणि गावाने तिचं पाणी, पिठाची गिरणी, किराणा तोडला तर गप्प बसू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हा कायदा गिरणीवाल्याला एकदाच, हसत हसत सांगितला होता. पुरला.

माफीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. माफी द्यायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. मंडळाने ती प्रसादासारखी वाटू नये. आपल्या पवनारच्या विनोबांपुढे १९६० साली चंबळच्या डाकूंनी बंदुका टाकल्या. विनोबांनी त्यांना जवळ घेतलं, पण शिक्षा टळेल असा शब्द दिला नाही. पुढे खटले चाललेच. करुणा म्हणून मला हेच पटतं: माणूस आपला, हिशोबही चुकता.

म्हणून चोराला प्रार्थनेत उभं करून माफी मागायला लावू नका. नाक घासायला लावणं तर सोडाच. त्या वेळी त्याला लाज वाटत नाही, डाव धरावासा वाटतो. माफी मालकाच्या ओट्यावर, चार माणसांत. भरपाईचा कागद करा: रक्कम, हप्ते, आणि हप्ते सोयाबीन-कापूस निघेल त्या महिन्यांतले. मजुरीने फेडायचं ठरलं तर गावात जी रोजी चालू आहे तीच धरा, अर्धी रोजी तो घरी नेईल असं ठेवा. फुकट राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, तो दुसरा गुन्हा. मालक नाही म्हणाला, तर नाही. त्याच्यावर देवाधर्माचं दडपण आणू नका, कोर्ट आहे.

तुरुंगातून परत आलेल्याचं वेगळं. मोर्शीला खुलं कारागृह आहे, तिथे कैदी शेतीत राबतात, त्यामुळे इकडच्या लोकांना कैदी म्हणजे काही वाघ नाही एवढं तरी माहीत आहे. तरी संचित रजेवर, म्हणजे शिक्षेतल्या सुटीवर आलेला माणूस गावात दिवसा बाहेर पडत नाही. मोझरीहून तुकडोजी महाराजांनी जी सामुदायिक प्रार्थना घरोघर नेली तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ओळी. सरपंच असो की सालदार, सतरंजीवर जिथे जागा तिथे बसायचं. अशा माणसाला बोलवायला स्वतः जा, पण पुढे बसवून सत्कार करू नका आणि दाराजवळही सोडू नका. मधल्या ओळीत, बडबड न करणाऱ्या शेजाऱ्याजवळ. काम द्या: महाप्रसादाची लाकडं फोडणं, सतरंज्या झटकणं. दानपेटीची किल्ली देऊ नका, आणि विचारलं तर तसं तोंडावर सांगा, “अजून वर्षभर नाही.” त्याला राग येत नाही. खोटा विश्वास दाखवला की येतो.

शेवटचं काम आजच करता येईल. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हे नंबर लिहा: पोलीस ११२, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदत १५१००. ऑइल पेंटनेच लिहा, बाईमाणसाच्या नजरेच्या उंचीवर. खडूने लिहिलेलं दिवाळीच्या सारवणात जातं.