गाडीचा अलार्म रात्री उगाच वाजतोय? आधी हे बघा
पावसाळा लागला की आमच्या म्हापशात वाड्यावर कुणाची ना कुणाची गाडी रात्री 2 वाजता बोंबलतेच, लहान पोरं दचकून उठतात. आधी बॉनेट उघडा, लॉकजवळ छोटा स्विच असतो, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तो गंजतो आणि बॉनेट बंद असूनही गाडीला उघडं वाटतं, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून बघा, माझ्या मते पहिला संशय यावरच घ्यावा. मग बॅटरी, रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, 12 च्या खाली असेल तर चार्ज करा. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर शॉक सेन्सरची (धक्का ओळखणारा भाग) संवेदनशीलता थोडी कमी करून घ्या, आणि माडाखाली गाडी लावूच नका, झावळी पडली तरी वाजतो. वायर मात्र स्वतः तोडू नका हां, इमोबिलायझर (चोरी टाळायला इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) अडकला तर गाडी सुरूच होणार नाही.