देव आहे की नाही यावर न भांडता श्रद्धेवरचे सिनेमे घरी कसे बघायचे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे अजून अशी मराठी घरं आहेत जिथे आजी रोज हरिपाठ म्हणते, नातू एमएसयूच्या (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या) फाइन आर्ट्सला जातो, आणि टीव्ही एकच. अशा घरात श्रद्धा-बिद्धावरचा सिनेमा लावला की दहाव्या मिनिटाला "देव आहे की नाही" सुरू होतं आणि सिनेमा राहतो बाजूला. म्हणून त्या दिवशी हा प्रश्न बंद. विचारायचं एवढंच की या माणसाची श्रद्धा हलली तेव्हा त्याने केलं काय, म्हणजे बोलला काय ते नाही, केलं काय.

सुरुवात ओळखीच्यापासून करा, प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६, दामले-फत्तेलालांचा. सगळे म्हणतील पाहिलाय, पण लक्षात असतं ते शेवटचं विमान. तुम्ही जिजाईकडे बघा. पोरगं आजारी, घरात खायची मारामार, आणि ही बाई एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला थेट देवळात. जो नाहीच असं वाटतं त्याच्यावर कोण वहाण उगारेल? नंतर गाथेतला 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' कोणीतरी मोठ्याने वाचा, आजी असतील तर त्यांना पाठच असेल. अजून खोलात जायचं तर दिलीप चित्र्यांचं 'पुन्हा तुकाराम' हे पुस्तक आणा, चित्रे जन्माने आपल्या बडोद्याचेच.

मग सत्यजित रायचा 'देवी', १९६०. सासऱ्याला स्वप्न पडतं की सून म्हणजे कालीमातेचा अवतार, आणि लगेच तिची पूजा सुरू. बरेच जण अंधश्रद्धेवरचा सिनेमा म्हणून मोकळे होतात, तेवढंच असतं तर मी सुचवला नसता. नवरा तिला रात्री पळवून न्यायला येतो, दोघं नदीपर्यंत पोचतात, आणि तिथे ती अडते, कारण आता तिलाच वाटायला लागलंय की मी खरंच देवी असले तर? इथे पॉज करा, चहा टाका. सासऱ्याचं चुकतंय हे कुणालाही दिसतं हो, पण या पोरीला आपण साधं माणूस आहोत याचीच खात्री राहिलेली नाही, याच्यावर बोला.

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन तिसरा ठेवा, आधी नको, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. 'विंटर लाइट', १९६३, दीड तासाच्या आत संपतो. स्वीडनमधल्या खेड्यातला पास्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, त्याच्याकडे एक मासेमार कोळी येतो, चीन अणुबॉम्ब बनवणार म्हणून घाबरलेला, आणि धीर द्यायचा सोडून पास्टर त्याला स्वतःचीच शंका ऐकवत बसतो. तो माणूस जाऊन जीव देतो. आणि त्याच दिवशी जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये हाच पास्टर प्रार्थना सुरू करतो. नातू म्हणेल शुद्ध ढोंग, आजी म्हणेल नेम आहे तो, चुकवायचा नसतो. मला आजीचं पटतं, पण पूर्ण नाही, त्या कोळ्याच्या बायकोचा विचार आला की नाहीच पटत.

बर्गमन म्हटलं की देवाचं मौन हा विषय निघतोच, तेव्हा गावातलीच एक गोष्ट मधे टाका. जानेवारी १९०८ मध्ये इथेच बडोद्यात विष्णु भास्कर लेले या योग्यांनी अरविंदांना (अरविंद घोषांना) खोलीत बसवलं आणि तीन दिवसांत मन पार शांत झालं, असं अरविंदांनी स्वतः लिहिलंय. पास्टरला जे मौन पोखरतं तेच इथे माणूस मुद्दाम बसून मिळवतोय. हे दोन शेजारी ठेवले की वादाला वेगळीच मजा येते.

बाकी प्रॅक्टिकल. आजींना इंग्रजी सबटायटल जमणार नाहीत, एकाने शेजारी बसून मराठीत सांगायचं, हळू आवाजात आणि स्वतःचं मत न घालता (हे सगळ्यात अवघड). सेव-उसळ सिनेमा संपल्यावर, आधी नाही. आणि शेवट झाला की लगेच "मेसेज काय होता" विचारणाऱ्याला उसळ वाढायच्या कामाला लावा.

पुस्तक घ्यायचं तर दोस्तोव्हस्कीचं 'ब्रदर्स करमाझोव्ह', पण सगळं नको, आधी पाचवं आणि सहावं पुस्तक (कादंबरीच्या भागांनाच तिथे पुस्तक म्हणतात) आणि सातव्याची सुरुवात. लोक पाचव्यातला ग्रँड इन्क्विझिटर (श्रद्धेवर शंका घेणाऱ्या इवानने धाकट्या भावाला, अल्योशाला, सांगितलेली गोष्ट) तेवढा वाचतात आणि इवान जिंकला म्हणून ग्रुपवर टाकतात. त्याला उत्तर म्हणून सहाव्यात झोसिमा साधूचं आयुष्य येतं, आणि सातव्यात त्याच साधूच्या प्रेताला वास सुटतो, सगळे चमत्काराची वाट बघत असताना, आणि त्याचा शिष्य अल्योशा हादरतो. म्हणजे लेखक स्वतःच्याच उत्तरालाही सुखाने बसू देत नाही. तिथपर्यंत वाचून आलेल्यांनाच इवानबद्दल बोलू द्या, बाकीच्यांनी चहा करायचा.