जुना लष्करी ट्रक घेताय? इंजिनाआधी कागद बघा

शक्तिमान (लष्कराचा जुना ट्रक) विकायला दिसला की आधी लिलावाची मूळ पावती आणि लष्कराचं रिलीज ऑर्डर मागा. सेवेत असताना या गाड्या आरटीओच्या नव्हे, बाणाचं चिन्ह असलेल्या लष्करी नंबरवर चालतात. मधला एक कागद हरवला तर नोंदणी अडलीच म्हणून समजा. चॅसिसवर ठोकलेला नंबर स्वतः ताडून पाहा; नुसत्या पट्टीवर विसंबू नका.

‘पन्नास वर्षं झालीत, व्हिंटेज नंबर मिळेल’ हे ऐकवलं जाईलच. २०२१ चे व्हिंटेज नियम मात्र दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रकसाठी नाहीत. तेव्हा बयाणा देण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, मग ते ताडदेव असो की वडाळा. रंगाचाही खर्च धरा: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना चालतो. (हौशी लोकांचा जीव इथेच तुटतो.)

गाडी शिवडी-कळंबोलीकडे उघड्यावर पावसाळे काढून उभी असेल, तर हौद्याखालचे आडवे चॅनेल आणि केबिनचा तळ गंजासाठी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. ताजा रंग दिसला तर जरा जास्तच जोरात. शक्तिमानचं जबलपूरमधलं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, म्हणून सुट्या भागांची चौकशी सौद्याआधीच कुर्ल्याच्या बाजारात करून ठेवा.