मराठवाड्यातून कळसूबाई: एका दिवसाच्या चढाईची तयारी

मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाचे भय वाटत नाही, आणि कळसूबाईच्या वाटेवर त्याची फसगत बहुधा याच सवयीमुळे होते. अकोले तालुक्यातील हे शिखर 1646 मीटर, म्हणजे राज्यातील सर्वांत उंच असून, पायथ्याच्या बारी गावापासून माथ्यापर्यंत सुमारे 800 मीटर चढावे लागते. देवगिरीचा डोंगर सपाटीपासून सुमारे 200 मीटर उंच आहे. तो मध्ये न उतरता सलग चार वेळा चढावा, तेवढे हे कष्ट आहेत. म्हणून महिनाभर आधीपासून दर रविवारी देवगिरी चढावा आणि चढताना लागणाऱ्या दमापेक्षा उतरताना गुडघे कितपत साथ देतात, याकडे अधिक लक्ष द्यावे.

छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीडहून रात्रभर गाडी चालवून थेट चढाईला लागणे मला मुळीच मान्य नाही. आदल्या संध्याकाळी सिन्नर-घोटीमार्गे बारी किंवा भंडारदऱ्याला मुक्कामी पोहोचावे आणि पहाटे साडेपाचला, डोक्याला विजेरी बांधून, निघावे. चढायला तीन ते चार तास लागतात. वाटेवर सावली फारशी नाही. शिवाय वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडू लागल्या की लोखंडी शिड्यांवर असणे जिवावर बेतू शकते. म्हणून अकरा वाजेपर्यंत माथा गाठता आला नाही, तर शिखर डोळ्यांसमोर दिसत असले तरी परत फिरावे. पहिल्या खेपेसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवरात्रात मात्र माथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होत असल्याने शिड्यांपाशी खोळंबून राहावे लागते.

माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर निघू नये. शिदोरीला दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांहून चांगले काही मला सापडलेले नाही, कारण त्या दिवसभर मऊ राहतात आणि थंड खाल्ल्या तरी घशाखाली उतरतात. माथ्यावरचा वारा घामेजलेल्या अंगाला झोंबतो. त्यासाठी एक कोरडा सदरा आणि कानटोपी पिशवीत असावी. बूट वापरून रुळलेले असावेत. माझ्या एका सोबत्याने नवे बूट घातले होते. पहिल्याच शिडीपाशी त्याच्या टाचेला फोड आला आणि पुढची सारी वाट त्याने लंगडत काढली.

शिड्या चढताना मोबाईल पिशवीत ठेवून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. धुक्याने ओल्या झालेल्या पायऱ्यांवर पाय आडवा टाकावा आणि पुढचा माणूस शिडी पार करेपर्यंत खालीच थांबावे. उतरताना तोंड शिडीकडेच असावे, कारण पाठ शिडीकडे करून उतरणाऱ्याची टाच सहज सटकते.

वर देवीचे लहानसे मंदिर आहे. हवा स्वच्छ असेल, तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला भंडारदऱ्याचे पाणी चमकते. अर्धा तास थांबून, दशमी खाऊन, उतरायला लागावे. उतरताना पावले आखूड टाकावीत, काठीवर भार द्यावा आणि बारीला पोहोचल्यावर तासभर पाय पसरून बसल्याखेरीज गाडीच्या चाकाला हात लावू नये.