जर्मनीतले पहिले वीजबिल हाती येण्यापूर्वी

महाराष्ट्रातून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत येणाऱ्या मंडळींना पहिल्या दोन महिन्यांत विजेची काळजी सहसा वाटत नाही, कारण खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम मुकाट्याने वजा होत असते आणि ती फारशी बोचत नाही. ही रक्कम म्हणजे बिल नव्हे, हे सर्वांत आधी समजून घ्यावे. तिला येथे ‘आबश्लाग’ म्हणतात. तो केवळ अंदाजे हप्ता असतो. खरा हिशेब वर्षातून एकदा होतो, आणि वापर अंदाजापेक्षा अधिक झालेला असेल तर फरकाची रक्कम, म्हणजे ‘नाखत्सालुंग’, एकदम भरावी लागते. घरी महावितरणचे बिल दर महिन्याला येत असल्याने चूक झालीच तर ती पुढच्या महिन्यात ध्यानात येत असे. येथे तीच चूक बारा महिने वाढत राहते. मी म्युनिकला आलो त्या पहिल्या वर्षाअखेरीस मला 420 युरो भरावे लागले होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पैसे कशापायी गेले हे कळायला मला आणखी सहा महिने लागले.

म्हणून घराची किल्ली हाती पडेल त्याच दिवशी मीटरचा क्रमांक आणि त्यावरील आकडा दोन्ही स्पष्ट दिसतील असे छायाचित्र काढावे आणि घराच्या हस्तांतरणाच्या कागदावर तो आकडा लिहून घ्यावा. आपण स्वतः कोणताही करार केला नाही, तरी पहिला दिवा लावताक्षणी त्या भागातील मूळ पुरवठादाराचे ग्राहक होतो. त्याचा दर बहुधा महाग असतो, पण हा करार दोन आठवड्यांच्या सूचनेने सोडता येतो. नवा करार करताना दोन आकडे पाहावेत: महिन्याचा स्थिर आकार आणि प्रत्येक युनिटचा दर. हा दर साधारण 30 ते 40 सेंटच्या घरात असतो, आणि पुढील सर्व हिशेबांसाठी मी 35 सेंट धरले आहेत. हप्ता कमी दाखवणारा करार स्वस्त असतोच असे नाही. कमी हप्त्याचे पैसे वर्षाअखेरीस वसूल होतातच.

बहुतेक घरांतील मीटर तळघरात असतो. चकती फिरणारा जुना काळा मीटर असेल तर दर रविवारी आकडा वहीत उतरवणे एवढाच उपाय आहे, आणि तो पुरेसा आहे. नवा डिजिटल मीटर असेल तर तो आरंभी फक्त एकूण युनिट दाखवतो. या क्षणी किती वॅट चालू आहेत आणि गेल्या आठवड्यात किती युनिट लागले, हे पाहण्यासाठी मीटर बसवणाऱ्या कंपनीकडून चार अंकी पिन मागवावा लागतो. गंमत अशी की अनेक मीटरना बटणच नसते, तेव्हा तो पिन मीटरवरील छोट्या संवेदकावर विजेरीचा झोत पाडून, उघडझाप करत भरावा लागतो. तळघरात अंधारात मीटरला विजेरीने खुणावणारा माणूस पाहून शेजारी दचकले, तर नवल नाही. त्याच संवेदकावर चुंबकाने चिकटणारे एक वाचक उपकरणही मिळते, जे वायफायवरून क्षणाक्षणाचा वापर मोबाइलवर दाखवते. मात्र तळघरात वायफाय पोहोचते का, हे आधी तपासावे.

एकेका वस्तूचा वापर मोजण्यासाठी प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारे मापक दहा-वीस युरोंत मिळते, आणि अनेक शहरांतील सार्वजनिक ग्रंथालये ते पुस्तकाप्रमाणे घरी नेण्यास देतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. फ्रिज मोजायचा तर मापक किमान चोवीस तास लावून ठेवावे, कारण कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो आणि पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. माझे 420 युरो मुख्यतः दोन गोष्टींनी खाल्ले होते. त्यातली पहिली म्हणजे तीस युरोंत घेतलेला जुना फ्रिज. मापक लावल्यावर तो दिवसाला जवळजवळ सव्वा युनिट घेतो असे दिसले, म्हणजे वर्षाला सुमारे 450 युनिट, किंवा साधारण 160 युरो. स्वस्त म्हणून आणलेली वस्तू दरवर्षी स्वतःच्या किमतीच्या पाचपट पैसे घेत होती.

दुसरी गोष्ट स्नानगृहात होती, आणि ती मापकाने मोजता येत नाही. अनेक जुन्या घरांत पाणी तापवण्यासाठी भिंतीवर तात्काळ तापवणारा विद्युत गिझर असतो. तो आपल्याकडील दोन किलोवॅटच्या गिझरसारखा दिसत असला, तरी थ्री-फेजवर 18 ते 27 किलोवॅट खेचतो. 21 किलोवॅटच्या गिझरखाली दहा मिनिटे शॉवर घेतला की साडेतीन युनिट, म्हणजे सव्वा युरो खर्च होतो, आणि चौघांच्या घरात हा आकडा महिन्याला दीडशे युरोंपर्यंत पोहोचू शकतो. वीस लिटरची बादली भरून आंघोळ केली तर पाऊण युनिटही लागत नाही. येथील स्नानगृहांत जमिनीला जाळी नसते, म्हणून बादली-तांब्याचा सोहळा टबमध्ये उभे राहूनच करावा लागतो. तरीही निदान गिझरचे तापमान 60 अंशांवरून 40 अंशांवर आणावे आणि शॉवरला कमी पाणी सोडणारा फवारा लावावा. घर पाहायला जाल तेव्हा गरम पाणी विजेवर आहे की इमारतीच्या सामाईक यंत्रणेवर, हा प्रश्न भाड्याच्या बरोबरीने विचारावा.

ऑक्टोबर लागला की नवे लोक विजेचा पंखा-हीटर आणतात. तो आणू नये. दोन हजार वॅटचा हीटर रोज पाच तास चालवला तर महिन्याला शंभर युरोंहून अधिक जातात, शिवाय खोली गरम करण्याचा खर्च रेडिएटरद्वारे बहुधा भाड्यातूनच होत असतो. मिक्सरची मात्र भीती बाळगू नये. दोन मिनिटांच्या चटणीला एक सेंटसुद्धा लागत नाही. भारतातही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच असल्याने तो येथे व्यवस्थित चालतो, केवळ तीन पिनांसाठी अर्थिंग जोडणारा चांगला ॲडॉप्टर हवा. बल्ब आणू नयेत, कारण येथे पेचाचे होल्डर असतात. इंडक्शन शेगडी असेल तर कुकरच्या बुडाला चुंबक चिकटतो का, ते पाहूनच तो बॅगेत भरावा. ॲल्युमिनियमचा कुकर तेथे निरुपयोगी ठरतो. काचेची साधी शेगडी असेल तर शेवटच्या शिट्टीच्या आधीच बंद करावी, उरलेल्या उष्णतेवर वरण शिजते.

स्टँडबायबद्दल घरात भांडणे होतात, म्हणून हिशेबच मांडतो. अखंड चालणारे दहा वॅट वर्षाला 88 युनिट, म्हणजे सुमारे 30 युरो होतात. टीव्ही, संगीतयंत्र आणि कॉफीयंत्र यांना बटण असलेली एक पट्टी लावली की काम भागते. वायफायवर चालणारे ‘स्मार्ट’ प्लग स्वतःच अर्धा-एक वॅट घेत राहतात, तेव्हा ते मोजक्याच ठिकाणी लावावेत, आणि स्वस्त प्लगवर केटल किंवा वॉशिंग मशीन जोडण्यापूर्वी त्यावर छापलेली क्षमता वाचावी.

आता बाल्कनीतल्या सौर पॅनेलविषयी. मे 2024 पासून 800 वॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरचा संच केवळ राष्ट्रीय नोंदवहीत ऑनलाइन नोंदवून लावता येतो, जानेवारी 2023 पासून त्यावर मूल्यवर्धित कर शून्य आहे, आणि ऑक्टोबर 2024 पासून भाडेकरूला घरमालक विनाकारण नकार देऊ शकत नाही. तरीही पहिल्या वर्षी तो घेऊ नये, असे माझे मत आहे. आपण दिवसभर कार्यालयात असू तर दुपारची बरीचशी वीज आपल्याला मोबदला न मिळता सार्वजनिक वीजजाळ्यात जाते. आधी आठवडाभर मीटर पाहून दुपारी घरात सतत किती वॅट लागतात ते समजून घ्यावे. शिवाय ‘इन्व्हर्टर’ या शब्दाने भारनियमन भोगलेल्या माणसाची फसगत होते. बाहेरची वीज गेली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा हा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतो. अर्थात वीज येथे क्वचितच जाते. वर्षभरात सरासरी पंधरा मिनिटेही नाही. त्यामुळे घरासाठी मोठी बॅटरी-पेटी घेण्याची गरज नाही.

पॉवर बँक मात्र हवीच, पण ती खिशात. तिकीट, बँक आणि ओळख हे सारे मोबाइलमध्ये असते, आणि तपासनिसापुढे मोबाइल बंद पडला तर 60 युरोंचा दंड लागू शकतो. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॅट-तासांची असते, आणि रूपांतरातील घट धरता नेहमीचा मोबाइल तीन वेळा भरते. विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक परवानगीविना नेता येते, पण फक्त हातातल्या सामानात, आणि तिच्यावर वॅट-तास छापलेले नसतील तर ती तपासणीत अडू शकते. थंडीत ती आतल्या खिशात ठेवावी, आणि उणे तापमानात बाहेर राहिलेली बॅटरी घरी आणल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चार्जरला लावू नये. निकामी झाल्यावर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. बॅटऱ्या विकणारे दुकान त्या परत घेते. डिसेंबर 2024 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या मोबाइलना यूएसबी-सी बंधनकारक असल्याने 65 वॅटचा एक चांगला चार्जर मोबाइल आणि यूएसबी-सीवर चालणारा नेहमीचा लॅपटॉप दोन्हींना पुरतो, तेव्हा चार्जरांचा जुडगा नाशिकहून आणण्याऐवजी त्या जागेत लोखंडी तवा आणावा. तो इंडक्शनवरही चालतो.